दिवसभराचं काम

जयदीपकडे घराची किल्ली होती, तरी त्यानं बेल वाजवली.

आम्ही दोघी दाराच्या आतच होतो. आत्या चपला सरळ करायच्या निमित्तानं मघापासून तिथे घुटमळत होत्या आणि मी त्यांना तिथून हलवायच्या निमित्तानं आले होते. बेल वाजली आणि दोघींनी एकमेकींकडे बघितलं. शेवटी आत्यांनीच कडी काढली.

"बेल कशाला वाजवतोस रं पावण्यासारखी?"

"असू दे की," तो म्हणाला आणि बूट काढून आत आला. बूट त्यानं कपाटात ठेवले नाहीत, बाहेरच ठेवले.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आक्काताई सरनाईक. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. कोल्हापुरात महापालिकेच्या बालवाडीवर बाई होत्या, तेव्हा नुकत्याच निवृत्त झालेल्या. जयदीप त्यांचा एकुलता एक मुलगा आणि कागदोपत्री अजून माझा नवरा. कामानिमित्त पुण्याला जाऊन-येऊन असायचा, तो एकदा गेला आणि तिथल्या रेवतीकडेच राहिला. भांडण नाही, आदळआपट नाही. घटस्फोटाचा अर्जही आम्ही संमतीनंच केला. कोर्टानं पद्धतीप्रमाणे विचार करायला सहा महिने दिले होते आणि त्यातला शेवटचा महिना चालू होता. माझा विचार करून झाला होता. मला तो परत हवा होता. हे मी वकिलांना सांगितलं नव्हतं, जयदीपला सांगितलं नव्हतं आणि आत्यांना सांगायची गरजच नव्हती.

मुलगा गेला आणि आई सुनेकडे राहिली, असा आमच्या घरात उलटाच कारभार झाला होता. गल्लीतल्या बायकांना त्याचं फार कौतुक. खोदून खोदून विचारायच्या. "घर माझं, सून माझी. ज्याला जायचंय त्यानं जावं," असं आत्या ठणकावून सांगायच्या. पण जयदीपच्या आवडीचं काही केलं की रात्री वाटीभर झाकून ठेवायच्या आणि सकाळी भांडी घासायला येणाऱ्या शालनला द्यायच्या. शालनची मात्र त्या काळात चंगळ झाली.

तो आला होता मशीनसाठी. मी फिल्म एडिटिंग करते. लग्नाच्या फिल्म, संस्थांच्या फिल्म, मिळेल ते. लग्न झाल्यावर मला मॅक कॉम्प्युटर हवा होता आणि खऱ्या मॅकची किंमत ऐकून आम्ही दुकानातून गुपचूप बाहेर पडलो होतो. मग जयदीपनं मदरबोर्ड एकीकडून, ग्राफिक्स कार्ड दुसरीकडून, असं करत सुटे भाग जमवले, साध्या कॅबिनेटमध्ये बसवले आणि त्याच्यावर मॅकची सिस्टिम चढवली. कंपनीला हे मान्य नाही, करायचं असेल तर आपल्या हिमतीवर. हॅकिंटॉश म्हणतात त्याला. ते पहिल्यांदा सुरू होईपर्यंत आम्ही दोघं दिवसच्या दिवस चटईवर बसून होतो. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर धावायच्या आणि कुठेतरी येऊन अडायच्या. अडलेली ओळ मी मोठ्यानं वाचायची आणि त्यानं तिचा इलाज फोनवर शोधायचा. शेवटी चालू झालं तेव्हा त्यानं मला उचलून अशी गरगर फिरवली, की खालच्या मजल्यावरचे पोवार काका काय पडलं म्हणून बघायला वर आले. माझ्या संसारातला सगळ्यात सुखाचा दिवस कुठला म्हणाल, तर तोच. लग्नाचा दिवसही त्याच्यापुढे फिका.

तर तेच मशीन त्या आठवड्यात बंद पडलं. जयसिंगपूरच्या एका बँड पार्टीवर मी फिल्म करत होते. लोकांच्या लग्नांत वाजवून म्हातारे झालेले ते चार भाऊ होते आणि माझी स्वतःची म्हणावी अशी ती पहिलीच फिल्म. सगळी आत अडकली. कोल्हापुरातल्या दोन दुकानदारांनी कॅबिनेट उघडून बघितलं आणि ज्यानं बसवलंय त्यालाच बोलवा म्हणाले. म्हणून मी फोन केला. फोन करताना माझा आवाज फिल्मच्या काळजीनं कापत होता, असं मी स्वतःला सांगितलं.

जयदीपनं मशीन चालू केलं. ओळी धावल्या आणि अडल्या. त्यानं त्या बघितल्या मात्र, कपाळाला आठी पडली.

"अपडेट झालंय. कुणी केलं?"

"आपोआप झालं असेल," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. वर्तमानपत्र पसरलं, कॅबिनेट आडवं केलं आणि स्क्रू काढायला बसला. ग्राफिक्स कार्ड काढलं. एक सोडून बाकीच्या रॅम काढल्या. जास्तीच्या डिस्क काढल्या. त्याची हीच पद्धत. आधी सगळं उतरवायचं, कमीत कमी सामानावर चालतंय का बघायचं आणि मग एकेक वस्तू परत लावत जायचं. जी लावल्यावर बंद पडेल, दोष तिच्यात. त्यावर माझ्या मनात जे आलं ते मी बोलले नाही. प्रत्येक गोष्टीतून काहीतरी अर्थ काढायची माझी खोड त्याला कधीच आवडली नव्हती.

त्याचा फोन वाजला. "हो गं," तो हळू म्हणाला. "बघतोय. दुपारपर्यंत निघतो."

मी उठून स्वयंपाकघरात गेले.

आत्या भाकरी थापत होत्या. शेगडीवर अख्खा मसूर रटरटत होता, खर्डा वाटून तयार होता. आणि ओट्याच्या कोपऱ्यात मोठ्या पातेल्यात हरभऱ्याची डाळ भिजत घातलेली दिसली.

"ही डाळ कशाला?"

"रात्रीला पोळ्या करते. कटाची आमटी."

"रात्री कोण आहे खायला? तो दुपारी जातोय."

"जातोय कुठं?" आत्या तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या. "दिवसभराचं काम हाय ते. तोच म्हणायचा न्हवं, त्या अपडेटला हात लावला तर मला दिवसभर बसायला लागतंय म्हणून…"

आणि त्या थांबल्या. हात पिठातच राहिला.

मी दार लोटून घेतलं. "आत्या. तुम्ही केलंत?"

"हळू बोल."

"तुम्ही?"

"तू जयसिंगपूरला गेलीस त्या दिवशी मी मशीनवर कीर्तन बघत बसले हुते. ती अपडेटची खिडकी आली. रोजच येती. मी रोज नंतर म्हणून सांगती तिला. त्या दिवशी न्हाई सांगितलं."

"पासवर्ड?"

"जयदीपनंच शिकवलाय मला. कीर्तन लावायला."

माझा संताप संताप झाला. "माझी फिल्म आहे त्याच्यात! वर्षभर राबलेय मी. सगळी गेली असती म्हणजे?"

"बोल," आत्या म्हणाल्या. "काय बोलायचं ते बोल मला. पर मला दुसरं काय येतंय गं? रडून बोलवला, आला न्हाई. आजारी हाय म्हणून सांगितलं, तर डॉक्टरला फोन करून मोकळा झाला. म्हटलं, एक दिवस घरात बसू दे. पुढ्यात तू असशील. काम करता करता बोलंल. पयल्यांदा पण असंच बसला हुतासा की दोघं."

त्यांच्या हाताखालची भाकरी कडेनं चिरत चालली होती आणि त्या ती परत परत सांधत होत्या. त्यांचा राग करावा तर मन होईना. खरं सांगायचं तर तिथे उभ्या उभ्या माझा पक्षच बदलला. बाहेर माझी वर्षाची मेहनत अडकून पडली होती आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, इतक्यात सुटू नको बाबा. आजचा दिवस तरी सुटू नको.

आणि ते सुटलं नाही. दुपारी तिघं जेवायला बसलो. जयदीपनं दोनदा मसूर मागून घेतला. आत्यांनी पोवार काकांचा विषय काढला, कसे ते सोटा घेऊन वर आले होते, आणि तो मोकळेपणी हसला. खर्ड्यानं ठसका लागला तेव्हा मी पाणी पुढे केलं आणि त्यानं ते न बघता घेतलं, घरच्यासारखं. आत्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत असं काही होतं, की मला ताटाकडे बघावं लागलं.

जेवण झाल्यावर तो म्हणाला, "उल्का, जरा येतेस? मी इकडं टाईप करतो, तू ओळी वाच."

मी चटई अंथरली. तीच जुनी चटई, दुसरी घरात नव्हतीच. तो कीबोर्ड मांडीवर घेऊन बसला, मी पडद्याजवळ. ओळी धावायच्या, अडायच्या, मी वाचायचे. तो काहीतरी बदलायचा, परत चालू करायचा. मी इंग्रजी आकडे मराठीत वाचते, याच्यावरून त्यानं मला पूर्वीसारखंच चिडवलं. बँडवाल्या भावांपैकी धाकट्याचे दात पडलेत तरी तो कवळी काढून क्लॅरिनेट वाजवतो, हे मी सांगितलं, तर त्यानं काम थांबवून ऐकलं. "ही फिल्म चांगली होणार तुझी," म्हणाला. पुढचं वाच म्हणताना त्याच्या तोंडून 'उल्क्या' निघून गेलं. ते फक्त आमच्यातलं नाव होतं. ते त्याच्याही लक्षात आलं आणि त्यानं मान खाली घातली, पण मला मात्र आभाळ ठेंगणं झालं. मी मूर्खासारखी रात्रीच्या पोळ्यांचा विचार करायला लागले. पुरण शिजलं असेल का, तूप आहे का घरात.

थोड्या वेळानं मशीन अर्धवट उघडलं. चित्र फाटकं दिसत होतं, आवाज नव्हता, पण आतल्या नोंदी बघता येत होत्या. जयदीप त्या खाली-वर करत राहिला. मग त्याचा हात थांबला.

"उल्का."

"हं?"

"हे अपडेट आपोआप होत नाही. पासवर्ड विचारतंय. कुणीतरी बसून टाकलाय."

मी चटईची एक सुटी काडी उपटत राहिले.

"मला सकाळीच शंका आली होती. म्हटलं, नसेल." तो माझ्याकडे न बघता बोलत होता, फार हळू, आजारी माणसाशी बोलावं तसं. "मी तुला दोष देत नाही. पण असं करू नकोस. असं काही करून मी परत येणार नाही गं."

त्याच वेळी मला दारात आत्या दिसल्या. हातात चहाचा ट्रे होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं. जयदीपची त्यांच्याकडे पाठ होती. आत्यांनी ओठ उघडले, त्या सांगणार होत्या. त्या सांगणारच होत्या. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून.

मी हे काही ठरवून केलं नव्हतं. मला एवढंच दिसलं, की जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना खरं बोलायला शिकवलेली ही बाई आता स्वतःच्या मुलापुढे चोरीत सापडल्यासारखी उभी राहणार. आणि तो तिच्याशीही असाच मऊ बोलणार. माझ्याच्यानं तो मऊपणा सोसवत नव्हता, तर त्यांच्यानं कसा सोसवला असता?

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"असू दे," तो म्हणाला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. रागावला असता, ओरडला असता, तर मी भांडले असते. त्यानं ती पण सोय ठेवली नाही.

आत्यांनी चहा आणून ठेवला. कपाखालच्या बशा एकमेकींवर वाजत होत्या. जयदीपला ते ऐकू आलं नाही, तो कामाला लागला होता.

त्यानंतर मशीनचा अडेलपणा फार वेळ टिकला नाही. अपडेटनं ग्राफिक्स कार्ड चालवणारा जुना प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, पुसला होता आणि नवा त्या कार्डाला चालत नव्हता. जयदीपनं जुना शोधून बसवला, कार्ड परत लावलं, ओळी धावत गेल्या आणि कुठेही न अडता संपल्या. पडद्यावर माझी फिल्म उघडली. चार म्हातारे भाऊ क्लॅरिनेट आणि ताशा घेऊन एका रिकाम्या मांडवात उभे होते. आवाजही आला. मी हात जोडायला हवे होते आणि मी बघितलं ते घड्याळाकडे.

आता निघेल असं वाटलं, पण तो उठला नाही. त्यानं पिशवीतून एक नवी डिस्क काढली. येतानाच घेऊन आला होता.

"हे काय?"

"सगळ्याची हुबेहूब नक्कल करतो हिच्यावर. सिस्टिम, फिल्म, सगळं. उद्या काही झालं तर ही लावायची, चालू करायचं, झालं. ती अपडेटची खिडकी पण बंद करतोय, परत येणार नाही." मग त्यानं मला समोर बसवून सगळं दोनदा करून दाखवलं आणि तिसऱ्यांदा माझ्याकडून करून घेतलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्यानं मला काही इतकं मन लावून शिकवलं नव्हतं. मागे मी विचारलं की म्हणायचा, तुला कशाला पाहिजे, मी आहे की.

"आता काहीही बिघडलं तरी तुला मला बोलवायला लागणार नाही," तो म्हणाला.

तो हे माझ्या भल्यासाठी म्हणत होता. त्यात एका शब्दाचाही खोटेपणा नव्हता.

आत्या दारातच बसल्या होत्या, भिंतीला टेकून. "म्हंजे आता हे कवाच बंद पडणार न्हाई?"

"पडलं तरी उल्का दहा मिनटांत चालू करेल, आई."

"बरं झालं," आत्या म्हणाल्या.

जयदीपनं स्क्रू आवळले, वर्तमानपत्राची घडी घातली आणि हात धुवून आला. आत्या उठल्या. "पोळ्या केल्यात. कट हाय. चार घास खा आणि मग जा. रातच्याला गाड्या असत्यात की पुण्याला."

"नको आई. उशीर होईल. रेवती एकटी आहे."

"एकटी हाय तर काय झालं? मोठी बाई हाय ती."

तो अवघडला. पायातला मोजा सरळ करत राहिला. मग म्हणाला, "डॉक्टरांनी तिला एकटं सोडू नका म्हणून सांगितलंय. आधी एकदा त्रास झाला होता."

तो मला आधी सांगू शकत होता. फोनवर, चटईवर, कधीही. सांगितलं नाही, कारण त्यालाही कुठेतरी वाईट वाटत होतं, एवढं मी आजही त्याच्या बाजूनं म्हणते. आमच्या लग्नात पाळणा हलला नव्हता. त्यावरून आत्या मला कधी एका शब्दानं बोलल्या नव्हत्या.

"कितवा?" आत्यांनी विचारलं.

"चौथा."

आत्यांनी मान हलवली. पदर खोचला आणि स्वयंपाकघरात गेल्या. मला वाटलं रडायला गेल्या. मी मागोमाग गेले, तर त्या फडताळातून स्टीलचा मोठा डबा काढत होत्या. त्यांनी त्यात पोळ्या भरल्या. मोजून नाही, होत्या तेवढ्या सगळ्या. वरून तूप सोडलं. कट वेगळ्या बरणीत ओतला. थोडा ओट्यावर सांडला.

"उल्के, फडकं दे."

मी दिलं. त्यांनी डबा बांधला, गाठ बसेना, मग ती मीच मारली. माझ्या हातांनी, घट्ट.

बाहेर येऊन त्यांनी डबा जयदीपच्या हातात ठेवला. "तिला म्हणावं, गरम करून खा. आणि जड काय उचलू नगो म्हणावं."

जयदीप त्यांच्या पाया पडला. त्याचे डोळे भरले होते. मला म्हणाला, "येतो." येतो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणाला. जिन्यावरून त्याची पावलं खाली गेली, खालच्या फाटकाची कडी वाजली.

आत्या तशाच दारात उभ्या होत्या. मग मागे न वळता म्हणाल्या, "माझं नाव का घेतलं न्हाईस?"

"घेऊन काय होणार होतं?"

"तुला तसली समजून गेला तो."

"मी तसलीच आहे, आत्या. तुम्ही दाबायच्या आधी मी कितीतरी वेळा त्या खिडकीपुढे बसलेय. माझं धाडस झालं नाही, एवढाच फरक."

तेव्हा त्या वळल्या. शाळेतल्या पोरीसारखा त्यांचा चेहरा वाकडा झाला. "एक दिवस पुरंल असं वाटलं हुतं गं मला," त्या म्हणाल्या आणि खालीच बसल्या. मी त्यांना धरलं. आम्ही दोघी तिथेच चपलांशेजारी बसून रडलो, दार उघडंच होतं. पोवार काका वर आले, त्यांनी बघितलं आणि काही न विचारता परत गेले.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. जयदीपला आजही वाटतं की ते मी केलं होतं.

पुढच्या महिन्यात कोर्टाची तारीख होती. मी नको नको म्हणत असताना आत्या माझ्याबरोबर आल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. न्यायाधीशबाईंनी विचारलं, दोघांचाही विचार कायम आहे ना? जयदीप हो म्हणाला. मग बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी बोलले असते तर सगळं अडलं असतं. दुसरी तारीख पडली असती, त्याला परत यावं लागलं असतं, कदाचित पुन्हा पुन्हा. मी वळून बघितलं. आत्यांनी बसल्या जागी मान हलवली, नको म्हणून.

"कायम आहे," मी म्हटलं.